बोंडूचा रस चाखून ठरवू नकोस

बाय, यंदा बोंडूची वाइन करायचीच असं तुझं ठरलंय, तर रस काढण्याआधी एवढं ऐक. चमचाभर चाखून "आंबट आहे, चालेल" म्हणू नकोस. बोंडू घसा धरतो तो टॅनिनमुळे. ती चव तुरट, आंबट नव्हे. त्यात भर म्हणजे रसातली साखर खरा आंबटपणा झाकते, म्हणजे जीभ दोन्हीकडून फसते. पिकलेल्या बोंडूच्या रसाचा पीएच बहुधा 4 च्या वर भरतो. फळांच्या वाइनला तो 3.2 ते 3.6 च्या आसपास बरा.

आमोण्यात हुर्राक-फेणीतलं सगळ्यांनाच कळतं, तेव्हा "मोजमाप कसलं करतेस?" असं विचारणारे भेटतीलच. त्यांच्या परीने ते बरोबर आहेत. त्यांचा रस आंबला की भट्टीवर चढतो. तुझा मात्र महिनोन्महिने बरणीत राहणार, आणि त्याची राखण आम्लच करणार. सल्फाइट आहे ना, म्हणशील. पण पीएच 3.2 वरून 3.6 वर गेला की तेवढ्याच संरक्षणाला सल्फाइट दुपटीहून जास्त लागतं.

पीएच मीटर घेतलास तर 4 आणि 7 च्या बफरवर आधी जुळवून घे. 1 ते 14 च्या रंगपट्ट्या इथे कुचकामी, 3.2 आणि 3.6 मधला फरक त्यांवर दिसायचा नाही. (पीएच ही कल्पनाच 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मली. आपल्याच धंद्यातली म्हणायची!)

आम्ल एकूण किती, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी गाळलेला रस 7.5 मिली घे, उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी थोडं घाल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाक. मग 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सिरिंजने हळूहळू सोडत जा. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो, ढवळलंस की विरतो. विरायला वेळ लागू लागला की हात आवर, एकेकच थेंब टाक. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की थांब. जितके मिली लागले, तितके ग्रॅम आम्ल दर लिटरमागे, टार्टारिकच्या हिशेबाने. रस फसफसायला लागला असेल तर नमुना आधी गरम करून गार कर, नाहीतर कार्बन डायऑक्साइडही आम्लात धरला जाईल. जांभळाच्या रसात गुलाबी दिसतच नाही. तिथे मीटर 8.2 दाखवेपर्यंत मोजायचं. हायड्रॉक्साइड डोळ्याला घातक, चष्मा लाव. बाटली उघडी राहिली की हवेने त्याचा जोर उतरतो, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली वापरू नकोस.

समज, मोजून 4 ग्रॅम आलं आणि 6 हवं. 10 लिटरला 20 ग्रॅम टार्टारिक लागेल. आधी निम्मंच घाल, विरघळल्यावर पीएच बघ, मग पुढचं. आणि घरातली आगळाची बाटली त्यासाठी उचलू नकोस, त्यात मीठ असतं. बिनमिठाचा कोकमाचा रस मिळाला तर जरूर घाल, मोजूनच.