फवारा ठेवा, ताडपत्री काढा

मूग बहुतेकांच्या घरात आला आहे, उडीद कापणीला लागला आहे, सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत आणि कापसाची खालची बोंडं हाताला टणक लागू लागली आहेत. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा हा सव्वा महिना मराठवाड्यातल्या खरिपाचा खरा निकाल लावतो. बियाणं, खत, तणनाशक, खुरपणी यांचा खर्च होऊन गेला. पीक जेवढं व्हायचं तेवढं बहुतेक झालं. आता प्रश्न एवढाच आहे की उभ्या पिकातलं किती पोत्यात पडतं.

नेमकी याच दिवसांत दुकानांतून 'दाणा टपोरा करणारी', 'वजन वाढवणारी', 'चकाकी आणणारी' बाटली गळ्यात मारली जाते. स्पष्ट सांगायचं तर शेंगा पिवळ्या पडायला लागल्यावर अशा फवारणीतून पैसे परत येत नाहीत. तेच पैसे चर काढायला, चांगल्या ताडपत्रीला आणि मजूर आधी बांधून ठेवायला लावले तर दाणे वाचतात. या महिन्यातला माझा सल्ला मुख्यतः एवढाच आहे. बाकीचा सगळा तपशील त्यातूनच निघतो.

आभाळाचे दोन रंग

मराठवाड्यात जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सरासरीने कधीच पडत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशभरातल्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. शेंगा धरायच्या वेळी सोयाबीन माना टाकून उभं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं घडलं. सीना, सिंदफणा, मांजरा पात्राबाहेर आल्या, आणि धाराशिव-बीडच्या कित्येक शिवारांत काढणीला आलेलं पीक चिखलात बसलं. नुसतं पीकच नव्हे, तर मातीही वाहून गेली.

एकाच भागात दोन्ही संकटं वेगवेगळी लागतात. बालाघाटच्या डोंगररांगेवरची हलकी, मुरमाड रानं दहा-बारा दिवसांच्या खंडात करपतात. गोदाकाठची भारी काळी रानं तेवढा खंड सहज सोसतात, पण दोन दिवस पाणी साचलं की गुदमरतात. म्हणून शेजाऱ्याने पाणी दिलं म्हणून आपणही द्यायचं, हे बरोबर नाही. आधी आपलं रान कोणतं ते बघा.

पूर्वा-उत्तरा नक्षत्रांचा पाऊस चांगला की वाईट, हे पीक कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतं. शेंग भरत असताना तोच पाऊस सोनं असतो, शेंग वाळल्यावर मात्र माती करतो. हवामान विभागाच्या नव्या वेळापत्रकानुसार मान्सून पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघारी फिरतो. आपल्या भागातून तो निघेपर्यंत ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे लवकर येणाऱ्या वाणांची काढणी परतीच्या पावसातच सापडणार, असं धरून चाला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला या काळात चुकवू नका. मोबाइलवर हवामान सल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही दोन ॲप ठेवा. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो. रानात माणसं असताना झाडाखाली थांबणं जिवावर बेततं.

पाऊस लांबलाच आणि सोयाबीन अजून शेंगा भरण्याच्या अवस्थेत असेल, तर जमिनीला भेगा पडायच्या आधी तुषार संचाने एक पाणी द्या. भेगा पडल्यावर दिलेलं पाणी भेगांतून खाली जातं आणि मुळ्या तुटलेल्या राहतात. पाण्याची सोय नसेल तर १३:०:४५ खताची १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी अशी एक फवारणी झाडाला काही दिवस तग धरायला मदत करते. पाण्याची जागा मात्र ती घेत नाही.

पाऊस जास्त झाला तर फावडं उचला. रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं असेल तर सऱ्यांची तोंडं मोकळी करा. सपाट रानात उताराच्या दिशेने ठरावीक अंतरावर चर मारा आणि बांधाचं तोंड फोडून पाणी नाल्याला लावा. बांधाच्या भांडणात अडकलेलं पाणी दोघांचंही पीक खातं. ही गोष्ट भादव्यातच मिटवून टाका.

मूग-उडीद

मुगाच्या साधारण तीन-चतुर्थांश शेंगा काळ्या पडल्या की पहिली तोडणी करा. उरलेल्या आठ-दहा दिवसांनी तोडा. उडदाची मात्र एकदाच कापणी करतात. झाडावर वाळलेली शेंग दोन दिवस सतत भिजली की आतल्या आत मोड येतात आणि असा माल डाळमिलवाला हातातही धरत नाही. त्यामुळे सगळ्या शेंगा एकदम पिकायची वाट बघू नका. ओल्या शेंगांचा ढीग घरात लावू नका. पडवीत, पत्र्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे पातळ पसरा.

सोयाबीन: दिवस मोजा, मग शेंग बघा

आधी रोगाचं. झाडाची वरची पानं पिवळी-हिरवी चट्टेदार दिसली तर तो पिवळा मोझॅक. पांढरी माशी तो पसरवते. एकट-दुकट झाडं असतील तर उपटून जाळा किंवा खोल पुरा. पूर्ण रान पिवळं पडल्यावर कोणतंही औषध झाड पुन्हा हिरवं करत नाही. शेंगांवर काळपट ठिपके आणि करपा दिसत असेल, शेंगा हिरव्या असतील आणि हवा दमट असेल, तर टेब्युकोनॅझोल १० टक्के अधिक गंधक ६५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारता येईल. शेंगा पिवळ्या झाल्या असतील तर पंप धुऊन ठेवून द्या.

आता काढणी. पेरणीची तारीख आठवा. २० जूनला पेरलेलं जेएस ३३५ किंवा जेएस ९३-०५ सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतं. त्याच दिवशी पेरलेलं फुले संगम ऑक्टोबरात जातं. घरी दोन-तीन वाण असतील तर मजुरांची पाळी त्याप्रमाणे लावा. सगळं एकदम काढायचं ठरवलं की एक वाण हिरवा कापला जातो, नाहीतर दुसरा रानात फुटतो. एमएयूएस १५८ आणि १६२ हे परभणीचे वाण शेंगा फुटण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, त्यांना चार दिवस जास्त थांबवता येतं. जेएस ३३५ ला तेवढी मुभा नाही.

दिवस भरत आले की रानात जाऊन बांधावरून नव्हे, मध्ये शिरून झाडं बघा. पाच-सहा ठिकाणची झाडं उपटा. मधल्या पेरांवरची शेंग सोला. दाणा अजून हिरवट, लांबुळका आणि सालीला पांढऱ्या पडद्याने चिकटलेला असेल तर थांबा. दाणा पिवळा, गोल होऊन पडद्यापासून सुटला असेल तर झाडाकडून त्याला मिळायचं ते मिळून गेलं आहे, आता फक्त ओल उडायची आहे. झाड कानाजवळ हलवलं की शेंगा खुळखुळतात. नव्वद-पंच्याण्णव टक्के शेंगांचा रंग तांबूस-करडा झाला की विळा लावा. खोड हिरवं राहिलं म्हणून थांबणारे बरेच आहेत. पावसाळी वर्षी खोड शेवटपर्यंत हिरवंच राहतं आणि तेवढ्यात खालच्या शेंगा तडकतात.

काही जण पीक आणि तण एकदम वाळावं म्हणून काढणीच्या तोंडावर तणनाशक मारतात. हे करू नका. हिरवा दाणा आक्रसतो, बियाण्याची उगवण जाते आणि औषधाचा अंश धान्यात राहतो.

कापणी उक्ती दिली तरी स्वतः उभे राहा. मुळासकट उपटलेलं झाड मळणीत माती आणि खडे घेऊन येतं. दोन दिवस उन्हात वाळवून मगच सुडी लावा. सुडी उंचवट्यावर घाला. खाली काड्या किंवा जुन्या पोत्यांचा थर द्या, भोवती चर मारा, वरून ताडपत्री घालून दोराने बांधा. ताडपत्रीला खालून भोक असेल तर ती नसलेलीच बरी, कारण झाकलं आहे या भरवशावर आपण पुन्हा बघत नाही. ऊन पडलं की दुपारी ताडपत्री उघडून वाफ जाऊ द्या. दमट सुडी आतून तापते आणि दाणा काळा पडतो.

मळणीत ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० च्या वर नेऊ नका. यंत्रवाला एका दिवसात जास्त पोती काढायच्या घाईत असतो, त्याला फेरे कमी करायला सांगणं जड जातं, तरी सांगा. पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचं असेल तर चांगल्या रानाचा वेगळा ढीग करा आणि तो आणखी हळू काढा. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. पोतं उंचावरून आदळलं तरी अंकुराला इजा होते आणि जूनमध्ये उगवण सत्तर टक्क्यांखाली येते. बियाण्याच्या पोत्यांची थप्पी चार-पाचपेक्षा उंच लावू नका आणि सिमेंटच्या फरशीवर लाकडी फळ्या टाकूनच ठेवा.

बाजाराचं बघू. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याचा निकष असतो. २०२४ मध्ये पावसाळी परिस्थिती पाहून केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता, पण त्यावर दरवर्षी भरवसा ठेवता येत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता. व्यापाऱ्याकडे ओला माल नेला की ओलाव्याची कपात वेगळी आणि भाव कमी वेगळा, असा दुहेरी मार बसतो. घरी यंत्र नसेल तर कोरड्या बरणीत मूठभर धान्य आणि वाळवलेलं मीठ घालून हलवा. मीठ दाण्यांना आणि काचेला चिकटलं तर माल अजून ओला आहे. दाणा दाताखाली टक् करून फुटायला हवा, दबायला नको.

कापूस

इथे मात्र फवारणी विसरून चालणार नाही. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये जे नुकसान केलं ते विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला विसरलेला नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा रानात दहा टक्के फुलं डोमकळीसारखी मिटलेली दिसली, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं समजा. दर आठवड्याला रानभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून हिरवंगार बोंड फसवतं. प्रोफेनोफॉस ५० टक्के २० मिली किंवा इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ४.४ ग्रॅम, दोन्हींपैकी एकच, प्रति १० लिटर पाण्यातून फवारा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं एवढ्या लवकर वापरली की पांढरी माशी उसळते.

त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. कापूस डोक्याएवढा वाढला असेल तर औषध अंगावरच पडतं. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, मास्क आणि हातमोजे वापरा, चार-पाच औषधांचं कॉकटेल करू नका.

खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला की कापसाची झाडं एकाएकी माना टाकतात. ही आकस्मिक मर. यात बुरशीपेक्षा मुळांचा गुदमरा जास्त असतो. सहा-आठ तासांत पाणी काढून दिलं तर बरीच झाडं परततात. सुकलेल्या झाडांच्या बुडाशी २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात मिसळून प्रत्येक झाडाला १०० मिली आळवणी करा. वाफसा येताच हलकी कोळपणी द्या.

तूर आत्ता वाढीत आहे, तिला फक्त पाणी साचू देऊ नका. मर आणि खोडावरचा करपा दोन्ही ओल्या पायातून येतात. सोयाबीन कापताना तुरीच्या ओळी तुडवल्या जाणार नाहीत, हे मजुरांना आधी सांगा. वसमत भागातल्या हळदीत उघडे पडलेले कंद मातीने झाका म्हणजे कंदमाशीला अंडी घालायला जागा मिळणार नाही. जालन्याकडे मोसंबीची फळगळ वाढली असेल तर आधी आळ्यात साचलेलं पाणी काढा आणि गळलेली फळं वेचून बागेबाहेर पुरा.

कागदाचं कामही याच महिन्यात उरकायचं असतं. ई-पीक पाहणी राहिली असेल तर पीक उभं आहे तोवर करा, रान मोकळं झाल्यावर फोटो कशाचा काढणार? आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्या हंगामात भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरवण्यात आली आणि काढून ठेवलेला माल भिजल्याबद्दल वैयक्तिक तक्रारीवर मिळणारं संरक्षण राहिलं नाही. यंदाचे नियम कृषी सहायकाला विचारा. पण सुडी भिजली तर विमा बघून घेईल, हा हिशोब डोक्यातून काढा. अतिवृष्टी झाल्यास पंचनाम्यासाठी तारीख दिसेल असे फोटो काढून तलाठ्याकडे लगेच कळवा.

मुगाचं रान मोकळं असेल तर ते नांगरून उलथू नका, वखराच्या एक-दोन पाळ्या पुरेत. ओल तशीच धरून ठेवा. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या खिडकीत बसते. कोरडवाहू रानात वाफसा मिळताच उत्तरा नक्षत्राच्या शेवटी पेरून घ्या, बियाण्याला गंधकाची प्रक्रिया करून. फार आधी पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते, आणि फार उशिरा पेरली तर कणसात दाणा भरायच्या आत जमिनीची ओल संपते. सोयाबीनच्या रानात हरभरा घ्यायचा असेल तर मळणी संपायची वाट न बघता सुडी बांधाला लावून रान आधी रिकामं करा.