धूम्रपान, अनुवंश आणि फुप्फुसाचा कर्करोग

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास येणारा भाविक तांबुलाचा प्रसाद घेऊन गड उतरतो. त्या तांबुलात तंबाखूला स्थान नाही. विडी ओढणारे मात्र याही परिसरात आहेत, आणि त्यांना तिचे दुष्परिणाम सांगू जावे तर उत्तर ठरलेले असते : "आमचे आजोबा ऐंशीपर्यंत विडी ओढीत होते, त्यांना काय झाले? ज्याच्या रक्तात असेल त्यालाच होते." हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये शरीरात शिरली की काही विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांचे रूपांतर करतात. या रूपांतरातच ती अधिक घातक बनतात व पेशीतील जनुकद्रव्यास चिकटतात. दुसरे काही विकर त्यांना निष्प्रभ करून शरीराबाहेर धाडतात. यातील कोणता विकर किती कार्यक्षम असावा, हे पुष्कळ अंशी आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांवर ठरते. निष्प्रभ करणाऱ्या 'जीएसटीएम-१' या विकराचे जनुक तर कित्येक निरोगी माणसांत मुळातच नसते.

२००८ साली तीन संशोधक गटांनी १५ व्या गुणसूत्राच्या एका भागाकडे लक्ष वेधले. निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या पेशीग्राहकांची जनुके तेथे आहेत. त्यांतील विशिष्ट फरक एका पालकाकडून आल्यास रोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, दोघांकडून आल्यास त्याहून बराच अधिक. परंतु धूम्रपानाने तोच धोका १५ ते ३० पट होतो! शिवाय हा फरक असलेल्यांना व्यसन अधिक जडते. म्हणजे अनुवंशाचे बरेचसे कार्य धुराच्याच वाटेने होते.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. डॉ. जस्सावाला व जैन यांनी १९७९ मध्ये तेथील फुप्फुसाच्या कर्करोगाचा धर्म व धूम्रपान यांच्याशी असलेला संबंध तपासला. पारशी समाजात हा रोग कमी होता. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाह करणारा समाज, तेव्हा हा रक्ताचाच गुण, असे कोणीही म्हटले असते. पण अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपानच निषिद्ध मानले जाते. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही या अभ्यासात टिकला नाही.

अमुक मनुष्य धुरापासून सुरक्षित आहे, असे सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. आजोबांचा दाखला देताना पन्नाशीत गेलेल्या शेजाऱ्याचा दाखला कोणी देत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यास सरासरी १० वर्षांचे, पन्नाशीत सोडणाऱ्यास ६ वर्षांचे, तर साठीत सोडणाऱ्यासही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभते.