कंटेनर इमेजची तपासणी आणि दोषनिवारण

संगणकीय आज्ञावली व तिला लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधलेल्या संचास कंटेनर इमेज म्हणतात. एकदा तयार झालेली इमेज बदलत नाही. तिच्यातील दोषांविषयीची माहिती मात्र वाढत जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला. घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉग-फोर-जे’ या जावा लायब्ररीतील गंभीर दोष तेव्हा उघड झाला. विशिष्ट मजकूर पाठवून परक्या व्यक्तीस दूरच्या संगणकावर स्वतःची आज्ञावली चालविता येत होती. आदल्या दिवशी निर्दोष ठरलेल्या इमेज एका अक्षराचाही फरक न होता सदोष ठरल्या.

‘ट्रिव्ही’सारखे तपासणी साधन इमेजच्या प्रत्येक थरातील पॅकेजांची नावे व आवृत्त्या वाचून ज्ञात दोषांच्या सूचीशी ताडून पाहते. सूची वाढत असल्याने वापरातील इमेजही नियमितपणे तपासणे अगत्याचे ठरते.

चालू कंटेनरमध्ये केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण पुढील कंटेनर जुन्याच इमेजवरून उभा राहतो. यास्तव डॉकरफाइलमध्ये किंवा आज्ञावलीच्या घटकसूचीत सुधारित आवृत्ती नमूद करून इमेज नव्याने बांधावी, पुन्हा तपासावी आणि मगच जुने कंटेनर बदलावेत.

पुनर्तपासणी हा निव्वळ उपचार नव्हे. लॉग-फोर-जेची २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० व २.१७.१ या आवृत्त्या काढाव्या लागल्या. पहिल्या दुरुस्तीवर विसंबून जे थांबले, त्यांच्या इमेज सदोषच राहिल्या.