परदेशातले मित्र मालवणला आणताय? आधी हा हिशेब वाचा

तुम्ही मूळचे मालवण-कुडाळकडचे, शिकायला म्युनिक, मँचेस्टर नाहीतर मेलबर्नला. नाताळच्या सुट्टीत वर्गातले चार मित्र तुमच्यासोबत गावी येणार आहेत. त्यांना रस्ता, भाषा, भाव यातले काहीच माहीत नाही. पैसे ते देतील, पण दर ठरवणार तुम्ही आणि पोलिसांच्या कागदावर पत्ताही तुमचाच लागणार. म्हणून तिकिटे काढायच्या आधीच हे वाचा. यातल्या बऱ्याच गोष्टी मालवणात पोचल्यावर दुरुस्त करता येत नाहीत.

सुरुवात व्हिसापासून. बहुतेक युरोपीय, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन पारपत्रांवर ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो. तीस दिवसांच्या व्हिसाला अनेक देशांसाठी जुलै ते मार्च 25 डॉलर आणि एप्रिल ते जून 10 डॉलर पडतात. वर्षाच्या व्हिसाला 40 डॉलर, वर बँकेचा आकार. शुल्क देशागणिक बदलते, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या देशाचा तक्ता पाहावा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरायचा, ज्याचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. शोधयंत्रात वर येणारी देखणी संकेतस्थळे दलालांची असतात आणि त्याच व्हिसाचे दुप्पट-तिप्पट घेतात. एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही. पारपत्राची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी आणि दोन पाने कोरी. अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचे नाव, पत्ता, फोन विचारतात. तिथे तुमच्या घरचा पत्ता द्या आणि घरच्यांना तसे सांगून ठेवा. किमान चार दिवस आधी ही अट असली तरी तीन आठवडे हाताशी ठेवा. येण्याआधीच्या 72 तासांत ई-अरायव्हल कार्डही भरायचे असते. ते फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सामानात काय आणायचे नाही, हे मित्रांना आजच कळवा. उपग्रह फोन किंवा गिर्यारोहकांकडे असते ते उपग्रह-संदेश यंत्र परवानगीशिवाय आणणे गुन्हा आहे. विमानतळावर सापडले तर सहल पोलीस ठाण्यात संपते. ई-सिगारेट आणि वेपच्या विक्री-आयातीवर 2019 पासून बंदी आहे. तयार ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून बंदी आहे. किनाऱ्याचे चित्रण वरून हवेच असेल तर स्थानिक परवानाधारकाला घ्या.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट. परदेशी पाहुणा जिथे उतरेल तिथल्या यजमानाने 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. 'फॉर्म सी' या नावाने सगळे ओळखतात ती हीच. मोठी हॉटेले हे आपसूक करतात, लहान होमस्टेवाल्यांना पुष्कळदा ते ठाऊकही नसते. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी फोनवर थेट विचारा: परदेशी पाहुणे घेता का, फॉर्म सी भरता का? उत्तर घुटमळत आले तर दुसरे घर बघा. मित्र तुमच्या स्वतःच्या घरी राहणार असतील तरी नोंद चुकत नाही, ती घरच्यांनी करायची. प्रत्येकाच्या पारपत्राची आणि व्हिसाची प्रत, फोटो आणि आगमनाची तारीख हाताशी ठेवा. अडलात तर ओरोसला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम चालते, तिथे विचारा. या नोंदीला शुल्क नाही.

कुठे उतरायचे? परदेशातून येताना गोव्यातला मोपा विमानतळ सोयीचा. ई-व्हिसा तिथे चालतो आणि मालवण रस्त्याने साधारण दोन तासांवर आहे. चिपीचा विमानतळ जवळ खरा, पण तिथली विमाने चालू-बंद होत आली आहेत. तिकीट हातात आल्याशिवाय त्याच्या भरवशावर बेत आखू नका. मोपाहून पाच जण आणि पाच मोठ्या बॅगा म्हणजे सात आसनी गाडीच लागते. एका फेरीचे साडेचार ते साडेपाच हजार धरा. मालवण-कुडाळची गाडी घरच्यांकरवी ठरवून बोलावलीत तर विमानतळावरच्या काउंटरपेक्षा बहुधा स्वस्त पडते. विचारताना पार्किंग, रात्रीचा आकार आणि विमान उशिरा आले तर थांबण्याचे पैसे धरून किती, असे विचारा.

मुंबईत उतरणार असाल तर कोकण रेल्वे. मालवणला स्टेशन नाही. कुडाळला उतरा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. रात्रीची कोकणकन्या आणि तुतारी, दिवसाची मांडवी आणि जनशताब्दी कुडाळला थांबतात. वंदे भारत या जिल्ह्यात फक्त कणकवलीला थांबते. आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि नाताळाच्या आठवड्यातले काही मिनिटांत संपते. ऑनलाइन तत्काळला आता आधार-पडताळणी झालेले खाते लागते, ते तुमचे किंवा घरच्यांचेच असणार. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तर एक पैसाही परत नाही. खासगी बसने येत असाल तर लक्षात ठेवा: एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घ्यायला खासगी बसवाल्यांना राज्य सरकारने 2018 मध्ये मनाई केली आहे. जास्त घेतले तर तिकिटासह परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा.

मोपाहून येताना एक मोह टाळा. गोव्यात दारू स्वस्त म्हणून दोन-चार बाटल्या गाडीत टाकायच्या, हा सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे गुन्हा. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होते, आणि गाडी तर त्या बिचाऱ्या ड्रायव्हरची असते. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षे पूर्ण लागतात. तुमच्या वर्गातले निम्मे 25 च्या आतलेच असतील. पिण्याचा एक दिवसाचा परवाना दुकानात पाच रुपयांत मिळतो, तो मागून घ्या. गोव्यातून भाड्याची दुचाकी घेऊन मालवणला यायचा विचारही सोडा. राज्याबाहेर ती चालवायची परवानगी सहसा नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मालवणातही दुचाकी भाड्याने घ्यायची तर परदेशी मित्राकडे मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही हवेत. ते नसतील तर रिक्षा. इथे मीटर नाही, बसण्याआधी भाडे ठरवा, येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे एकत्र.

राहायला तारकर्ली, देवबाग, वायरी. साध्या होमस्टेत दोघांची खोली हंगामात दोन ते तीन हजारांत मिळते. 24 डिसेंबर ते 2 जानेवारीत तीच खोली दुप्पट होते. तारखा पुढे-मागे करता येत असतील तर 15 ते 22 डिसेंबर गाठा किंवा 4 जानेवारीनंतर या. सबंध सहलीत एवढी मोठी बचत दुसरीकडे कुठेच नाही. विचारायच्या गोष्टी: जादा गादीचे किती, एसीचे वेगळे का, नाश्ता धरून का, वीज गेली तर जनरेटर आहे का, आगाऊ रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते. उत्तरे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी पाच टक्के आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर तो कर तुमच्याकडून घेता येत नाही. मुले-मुली एकत्र असाल तर तेही आधीच सांगा. सज्ञान अविवाहितांना खोली देऊ नये असा कायदा नाही, पण काही यजमान नाकारतात. रात्री दारात उभे राहून वाद घालण्यापेक्षा फोनवर कळलेले बरे.

आता पाणी. जलक्रीडा साधारण 1 सप्टेंबर ते 25 मेपर्यंतच चालतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटीही बंद. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट मालवणच्या जेट्टीवरून सुटते, जाऊन-येऊन माणशी शंभर ते दीडशे धरा. बोटवाले वर साधारण तासभर देतात. शिवराजेश्वर मंदिर, तट, गोड्या पाण्याच्या विहिरी नीट पाहायच्या तर तेवढ्यात होत नाही. जास्त वेळाचे किती, हे चढण्याआधीच ठरवा. गाइड वेगळा, त्याचे पैसे पाच जणांत मिळून ठरवा, माणशी नव्हे.

स्कूबाचे फलक तुम्हाला पाचशेपासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत दिसतील. त्या दोन टोकांत फरक असतो तो पाण्याखालच्या मिनिटांचा, आधीच्या सरावाचा आणि एका प्रशिक्षकामागे किती माणसे याचा. स्वस्तातल्यात बहुतेकदा किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात काही मिनिटे धरून फिरवतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने आधी तलावात सराव देणारी जागा निवडावी. तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, दर जास्त पण सराव नीट. चौकशीत हे विचारा: प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणते, पाण्याखाली किती मिनिटे, बोटीचे भाडे धरून का, व्हिडिओचे वेगळे का. व्हिडिओचे पैसे बहुतेक वेळा पाण्यातून बाहेर आल्यावर कळतात. त्सुनामी आयलंडवर पाच-सहा खेळांचे पॅकेज विकतात. त्यात देवबागहून तिथवर नेणारी बोट धरली आहे का आणि पॅरासेलिंग आहे का, हे बघा. ते सहसा वेगळेच असते. परदेशी चेहरा पाहून दर वाढला तर वाद घालू नका, बोलणी तुम्ही मालवणीत करा आणि मित्रांना दहा पावले मागे ठेवा.

पैशापेक्षा महत्त्वाचे: लाइफ जॅकेट नसेल किंवा बोट खच्चून भरली असेल तर उतरा, पैसे बुडाले तरी चालतील. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. एप्रिल 2017 मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. हा समुद्र शांत दिसतो, पण खालची ओढ दिसत नाही. तुमचे मित्र उत्तम पोहणारे असतील, पण त्यांचा सराव तलावातला. स्थानिक मच्छीमार नको म्हणाला तर नको. दारू पिऊन पाण्यात कोणीही जायचे नाही, यात भिडेला जागा नाही. दमा, कानाचा त्रास, सर्दी असेल तर स्कूबा टाळा. एका डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या तर 18 तास जाऊ द्या. म्हणजेच स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. मित्रांच्या प्रवास विम्यात स्कूबा आणि पॅरासेलिंग धरलेले आहे का, हे त्यांनी निघण्याआधीच तपासावे. पुष्कळ स्वस्त विम्यांत ते नसते. रुग्णवाहिकेसाठी 108. मालवणात ग्रामीण रुग्णालय, ओरोसला जिल्हा रुग्णालय, गंभीर असेल तर लोक गोव्यात बांबोळीला नेतात.

जेवणात फसगत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे माशाच्या आकारावर ठरणाऱ्या दरात. बांगड्याची थाळी अडीचशेच्या आसपास, सुरमईची साडेतीनशे ते पाचशे. पापलेट आणि मोठी कोळंबी मात्र मेनूवर दराशिवाय असते. मासा डोळ्यांनी बघा, आकडा विचारा, मगच तव्यावर टाकायला सांगा. तिसऱ्या, कुर्ल्या, कोळंबीची अॅलर्जी कोणाला आहे का, हे आधी विचारून घ्या, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना स्वतः जाऊन सांगा. एकाच तेलात सगळे तळले जाते. तिखट कमी हवे असेल तर वेगळे वाटण सकाळीच सांगावे लागते. बिलात सेवा शुल्क लावले असेल तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगा. होमस्टेतले घरगुती जेवण हॉटेलपेक्षा स्वस्त आणि बरेचदा चवीने सरस, पण ते आदल्या रात्री सांगावे लागते.

काही सुंदर गोष्टींना पैसे पडत नाहीत. संध्याकाळी जेट्टीवर माशांचा लिलाव, सकाळी वाळूवर ओढली जाणारी रापण, आणि डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या जत्रांतला रात्रभर चालणारा दशावतार. कोणत्या गावात कधी, हे घरच्यांना विचारा. जत्रेत सोबत चादर आणि टोपी घ्या, पहाटे गारठा असतो. आंगणेवाडीची जत्रा बघायची इच्छा असेल तर तिची तारीख पंचांगाने ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते आणि बहुधा फेब्रुवारीत येते. तेव्हा विमानाचे तिकीट आधी काढू नका.

पैसे कसे द्यायचे? परदेशी कार्डे मालवणच्या टपऱ्यांवर, बोटींवर, होमस्टेत चालतील हे गृहीत धरू नका. एटीएममधून काढताना यंत्र परदेशी चलनात हिशेब हवा का असे विचारते, तिथे रुपये निवडा. नाहीतर दोन-चार टक्के उगाच जातात. तुमचे भारतातले बचत खाते शिकायला गेल्यावर एनआरओ करून घ्यायचे असते. परदेशी क्रमांकावरून यूपीआय ठरावीक देशांसाठीच चालते, म्हणून जुने भारतीय सिम चालू ठेवा. कॉन्ट्री पहिल्याच दिवशी काढा, एकाकडे जमा, त्याच्याच हातून खर्च, रोज रात्री हिशेब गटात टाका.

पाच जण, तीन रात्री, नाताळाचा आठवडा सोडून, माणशी अंदाज असा: मोपाहून येणे-जाणे दोन हजार, दोन खोल्या आणि जादा गादी धरून तेहतीसशे, जेवण छत्तीसशे, किल्ला-स्नॉर्केलिंग-स्कूबा अडीच हजार, रिक्षा सहाशे. म्हणजे बारा हजार. त्याच तीन रात्री 31 डिसेंबरला धरल्यात तर सोळा-सतरा हजारांची तयारी ठेवा. प्रत्येक पावती फोनमध्ये टिपून ठेवा. ठरल्यापेक्षा जास्त घेतले आणि समजूत पटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मराठीत बोलता येते, आणि तक्रार तुमच्या नावावर, तुमच्या भारतीय क्रमांकावरून करा, मित्र परत गेले तरी पाठपुरावा करता येतो.