वेगमर्यादा की दरमर्यादा? राउटरमधील रांगांची परिभाषा

या पाठासाठी मुद्दाम एक परका वाटणारा विषय निवडला आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळांत, कार्यालयांत नोकरी करून शिकत आहेत. राउटरच्या मांडणीचे सूचनापत्रक मराठीत लिहिण्याचे काम त्यांच्याकडे केव्हाही येऊ शकते. अशा पत्रकात संज्ञा चुकली, तर भाषेबरोबर मांडणीही बिघडते.

३.१ संकल्पना

जाळ्यातून माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांनी जाते. बाहेर पडण्याच्या मार्गाला पेलणार नाहीत इतकी पॅकेटे आली, की ती राउटरच्या स्मृतीत रांगेने थांबतात. या रांगेतून सेकंदाला किती बिट सोडायचे, हे ठरवून देणे म्हणजे ‘रेट लिमिट’. त्याला मराठीत सर्रास ‘वेगमर्यादा’ म्हटले जाते. घाटातील वेगमर्यादेमुळे प्रत्येक गाडी हळू चालते. येथे तसे घडत नाही. १५०० बाइटचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेच्या पोर्टवर १० मेगाबिटची मर्यादा घातली, तरी ते पॅकेट सुमारे १२ मायक्रोसेकंदांत, म्हणजे पोर्टच्या पूर्ण वेगानेच बाहेर पडते. मात्र तशी पॅकेटे सरासरी १.२ मिलिसेकंदाला एक याप्रमाणेच सुटतात. पॅकेटची चाल तीच राहते, दोन पॅकेटांमधील अंतर वाढते. म्हणून ‘दरमर्यादा’ ही संज्ञा मला अधिक नेमकी वाटते. ‘दर’ म्हटले की बाजारभाव आठवतो, हा आक्षेप मान्य आहे; पण जन्मदर आणि व्याजदर आपण पचवले आहेतच.

३.२ थोपवणे आणि टाकणे

हा हिशेब राउटर बहुधा टोकनांनी ठेवतो. ठरलेल्या दराने टोकने एका भांड्यात पडत राहतात. पॅकेटाच्या आकाराइतकी टोकने असतील तरच ते पुढे जाते. भांडे भरले की जादा टोकने वाया जातात. भांडे जेवढे मोठे, तेवढी एका दमात जाणारी उसळी मोठी.

टोकने संपल्यावर काय करायचे, येथे खरी भाषिक अडचण आहे. पॅकेट रांगेत थोपवता येते (शेपिंग) किंवा टाकून देता येते (पोलिसिंग). ‘रोखणे’ हे क्रियापद दोन्हींना चालते, म्हणूनच ते येथे निरुपयोगी आहे. टाकलेले पॅकेट बहुधा पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवावे लागते. थोपवलेले उशिरा पोहोचते. १० मेगाबिट दराच्या रांगेत १ मेगाबाइट माहिती साचली, तर शेवटच्या पॅकेटाला ०.८ सेकंद थांबावे लागते. संभाषणासाठी एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आवाजाची रांग वेगळी ठेवतात ती यासाठी.

३.३ दोन मर्यादा, दोन शब्द

लिनक्समधील ‘एचटीबी’ पद्धतीत प्रत्येक वर्गाला ‘रेट’ आणि ‘सील’ असे दोन आकडे देतात. पहिला हमीचा दर, दुसरा कमाल दर. समजा, १० मेगाबिटच्या जोडणीवर एकूण दर ९ ठेवला (थोडा कमीच, म्हणजे रांग सेवादात्याच्या मोडेममध्ये न साचता आपल्या राउटरमध्ये साचते), आवाजाला हमी २, इतरांना ७ आणि दोघांना कमाल ९. दोन्ही संज्ञांसाठी ‘मर्यादा’ हाच शब्द वापरला, तर वाचणारा एकच आकडा भरतो. ‘सील’ दिले नाही की ते ‘रेट’इतकेच धरले जाते, आणि आवाजाचा वाटा रिकामा असतानाही इतरांना ७ वरच थांबावे लागते. शिल्लक वाटा वापरण्याला इंग्रजीत उसने घेणे अशा अर्थाचा शब्द आहे. उसने परत करावे लागते, येथे परतफेड नसते. तरी ‘उसनवारी’ रुळल्यास माझी हरकत नाही.

एककाबाबत मात्र तडजोड नको. लिनक्सच्या ‘टीसी’ आज्ञेत ‘केबिट’ म्हणजे किलोबिट आणि ‘केबीपीएस’ म्हणजे सेकंदाला किलोबाइट. इतरत्र तीच अक्षरे बहुधा किलोबिटसाठी लिहितात. एका संस्थेच्या पत्रकात डाउनलोडच्या रांगेपुढे ‘५०० केबीपीएस’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. अभिप्रेत होते ५०० किलोबिट, मिळाले आठपट. ऑनलाइन तोंडी परीक्षेत आवाज तुटत राहिला आणि दोष परीक्षार्थींच्या फोनवर गेला. पत्रक लिहिणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

स्वयं-अध्ययन : ‘मर्यादेबाहेरची पॅकेटे रोखावीत’ या वाक्यातील संदिग्धता स्पष्ट करा आणि ते दोन वेगळ्या अर्थांनी पुन्हा लिहा.