बाळाचं वजन किती?

सोलापूरला आमचं मेडिकल होतं. काउंटरवर आई बसायची. तापाचे थेंब मागायला कुणी आलं की ती आधी विचारायची, ‘बाळाचं वजन किती?’ गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी उत्तर मिळेपर्यंत तिचा हात कपाटाकडे जात नसे. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 125. म्हणजे थेंब चौपट तीव्र. थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्याने पाजायची नाही, हे ती प्रत्येक आईला दोनदा सांगायची. लहान मुलांच्या औषधांचंच काम करायचं, हे माझं त्या काउंटरवर ठरलं.

पुढे अमेरिकेत फार्म.डी. केलं. इथे इस्पितळात मुलांच्या वॉर्डाची जबाबदारी सांभाळायची असेल, तर बहुतेक जण पदवीनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी करतात. पहिलं वर्ष, म्हणजे पीजीवाय-1, सर्वसाधारण आणि दुसरं, पीजीवाय-2, बालरोगाचं. डिसेंबरात मोठं अधिवेशन, नववर्षाच्या सुमारास अर्ज, मग मुलाखती, मार्चच्या सुरुवातीला पसंतीक्रमाची यादी आणि त्याच महिन्याच्या मध्यावर ‘मॅच’चा निकाल. हा निकाल बंधनकारक असतो. ज्या जागेशी नाव जुळेल तिथे वर्षभर जावंच लागतं.

माझ्या यादीत सर्वांत वर होतं ते फक्त मुलांसाठी असलेलं एक नावाजलेलं इस्पितळ. मुलाखतीच्या दिवशी मी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, पाहिला, प्रकाशित झालेल्या संशोधनाबद्दल विचारलं, हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाबद्दल विचारलं. शनिवारी संध्याकाळी माझ्या शेजारी कोण उभं असेल, हे मात्र विचारलं नाही.

मॅचमध्ये तीच जागा मिळाली, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सप्टेंबरातल्या एका शनिवारी मिळालं. परवाना हातात येऊन दोन महिने झाले होते. फार्मसीत मी आणि एक टेक्निशियन, वरिष्ठ फार्मासिस्ट फोनवर. दोन महिन्यांच्या एका बाळासाठी व्हँकोमायसिनची ऑर्डर आली: दर किलोला 15 मिलिग्रॅम, एकूण 165. गुणाकार बरोबर होता. वजनाबद्दल संगणकाने इशाराही दिला, पण सकाळपासून असे कित्येक इशारे मी बंद केले होते. तोही केला आणि ऑर्डर मंजूर केली.

टेक्निशियन लेबल हातात घेऊन आल्या. वयाने माझ्या मावशीएवढ्या. म्हणाल्या, ‘दोन महिन्यांचं बाळ आणि अकरा किलो?’

मी वॉर्डात फोन केला. आईवडिलांनी दाखल करताना 11 पौंड सांगितलं होतं आणि नोंदीत ते 11 किलो झालं होतं. खरं वजन पाच किलो, खरा डोस 75 मिलिग्रॅम. मी मंजूर केलेला डोस दुपटीहून जास्त होता, आणि हे औषध जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा करू शकतं. इंजेक्शन भरलं गेलं नव्हतं. बाळाला काही झालं नाही. पण फोन खाली ठेवल्यावर माझे हात बराच वेळ थरथरत होते.

रात्री सोलापूरला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. ‘बाळ बरं आहे ना?’ एवढं आधी विचारलं आणि मग म्हणाली, ‘वजन कुणी केलं होतं?’ कुणीच केलं नव्हतं.

चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण शिकाऊ माणसाची चूक पकडायला कुणीतरी जवळ असावं लागतं, आणि ती जागा निवडणंही माझ्याच हातात होतं. म्हणून यंदा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना मनापासून सांगते.

इस्पितळाच्या नावावर जाऊ नका. शनिवार-रविवारच्या आणि रात्रीच्या ड्यूटीला तुमच्यासोबत अनुभवी फार्मासिस्ट असतो का, किती महिने असतो, हे नेमकं विचारा. ‘गरज पडली तर फोन करा’ हे उत्तर पुरेसं मानू नका. नवशिक्याला गरज कधी पडली हेच कळत नसतं.

मुलांचं वजन फक्त किलोत नोंदवलं जातं का, आणि दाखल होताना प्रत्यक्ष काट्यावर घेतलं जातं का, हेही विचारा. या एका उत्तरावरून तिथल्या कामाची शिस्त कळते.

कोणत्या वयाची मुलं पाहायला मिळतील, हे तपासा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला जेंटामायसिनचे दोन डोस 36 किंवा 48 तासांच्या अंतराने द्यावे लागू शकतात, कारण त्याची मूत्रपिंडं अजून तयार होत असतात. कर्करोगाच्या वॉर्डातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं गणित अगदी वेगळं. दोन्ही टोकं पाहिली नाहीत तर शिक्षण अर्धं राहतं. मुलांचंच काम करायचं हे अजून पक्कं नसेल, तर पहिलं वर्ष मुलांचा मोठा विभाग असलेल्या सर्वसाधारण इस्पितळात काढा. त्यात कमीपणा नाही.

सध्याच्या रेसिडेंटशी प्रीसेप्टर, म्हणजे त्यांना शिकवणारे फार्मासिस्ट, समोर नसताना बोला. कामाच्या तासांना चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 ची मर्यादा आहे. ती खरोखर पाळली जाते का, ते तेच सांगू शकतात. चूक झाली तेव्हा काय झालं, हेही विचारा. ‘सगळे मिळून कारण शोधायला बसलो’ म्हणाले तर ती जागा चांगली. नुसतेच गप्प झाले तर त्यातून काय ते समजून घ्या.

आणि यादी भरताना कोण आपल्याला घेईल याचा अंदाज बांधू नका. स्वतःची खरी पसंती त्याच क्रमाने लिहा. मॅचची पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासूनच सुरू होते. जिथे वर्ष काढायची मनाची तयारी नाही, ते नाव यादीत घालूच नका.

आता मी दुसऱ्या एका इस्पितळात प्रीसेप्टर आहे. नवा रेसिडेंट आला की पहिल्या दिवशी त्याला संगणकासमोर बसवत नाही. एनआयसीयूत नेते, नर्सच्या परवानगीने काट्याशेजारी उभं करते. नर्स बाळाला अलगद काट्यावर ठेवतात, आकडा स्थिर होतो. तो आकडा त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचा, पुढे ‘किलो’ लिहायचं, आणि मगच माझ्याबरोबर डोसचं गणित करायचं.