व्यापारचिन्ह आणि रंग : हरणाच्या खुणेवरून घेण्याजोगा धडा

ज्यास हल्लीं ‘लोगो’ म्हणतात तें व्यापारचिन्ह हा शहरांतील मोठ्या कंपन्यांचा विषय आहे, शेतकऱ्यास त्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती आतां सोडून दिली पाहिजे. सन २००२ च्या कायद्यानें शेतकऱ्यांस स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढण्याची वाट मोकळी झाली, आणि तेव्हांपासून द्राक्षें, हळद, गूळ, तांदूळ अशा मालाच्या पेट्या व पिशव्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या नांवानें बाजारांत जाऊं लागल्या आहेत. पेटीवर कांहीं तरी चित्र हवें म्हणून कोणी सूर्य काढतो, कोणी नांगर, कोणी कणीस. रंग कोणता असावा यावर सभेंत तास जातात. आणि दोन वर्षांनीं नवा अध्यक्ष आला कीं चित्रही नवें येतें. यांत छपाईचा खर्च तर जातोच. परंतु गिऱ्हाइकाच्या ध्यानांत नुकतीच बसूं लागलेली ओळख पुसली जाते, हें नुकसान त्याहून मोठें असून तें कोणत्याच खतावणींत दिसत नाहीं. म्हणून चिन्ह कसें जन्मतें, कसें वाढतें, आणि रंगाचा मनावर परिणाम कोणत्या मर्यादेपर्यंत होतो, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

महसुली कचेरींत आयुष्य घालविलेल्या माणसास शिक्क्याचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. शिक्का सुबक आहे म्हणून कोणी कागद खरा मानीत नाहीं. शिक्क्यामागें जबाबदार अधिकारी आहे, उद्यां वाद उपस्थित झाल्यास तो उत्तर देईल, या भरंवशावर कागद चालतो. व्यापारचिन्हाचेंही तसेंच आहे. मालाविषयीं दिलेलें वचन ओळखण्याचें तें साधन होय.

याचें उत्तम उदाहरण शेतीच्याच धंद्यांत सांपडतें. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं जॉन डीअर नांवाचा एक लोहार होता. तेथील माळरानाची माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट. ओतीव लोखंडाच्या नांगरास ती धरून बसे व थोड्या थोड्या अंतरावर नांगर थांबवून फाळ खरवडावा लागे. सन १८३७ मध्यें डीअरनें घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा फाळ बसवून नांगर बनविला. माती आपोआप निसटूं लागली व नांगराची कीर्ति झाली.

कीर्तीमागोमाग तिचे वांटेकरी आले. डीअरचा कारखाना पुढें मोलाइन गांवीं गेला व तेथील नांगर ‘मोलाइन नांगर’ म्हणून ओळखले जाऊं लागले. त्याच गांवांत दुसऱ्या मंडळींनीं कारखाना काढून आपल्याही नांगरास तेंच नांव दिलें. डीअर कंपनी न्यायालयांत गेली. खालच्या कोर्टांत तिला यश आलें, परंतु इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७० सालीं तो निकाल फिरविला. गांवाचें नांव त्या गांवांत माल तयार करणाऱ्या सर्वांचें आहे, तें एकट्याच्या मालकीचें होऊं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. पुढें १८७६ सालीं कंपनीनें उडी घेणाऱ्या हरणाचें चिन्ह नोंदविलें. डीअर या आडनांवाचा उच्चार हरणास असलेल्या इंग्रजी शब्दासारखाच होतो. त्यामुळें नांव ऐकतांच चित्र व चित्र पाहतांच नांव आठवतें. शिवाय ज्यास वाचतां येत नाहीं त्यासही हरिण ओळखतां येतें.

हा भाग आपल्या लोकांनीं विशेष लक्षांत घ्यावा. आपल्याकडे प्रदेशाच्या नांवाचें रक्षण करण्यासाठीं १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे, व कोंकणच्या हापुसास त्याखालीं २०१८ सालीं मानांकन मिळालें. ही मोठी सोय आहे खरी. परंतु तो हक्क त्या प्रदेशांतील पात्र उत्पादकांचा सामायिक असतो. आपल्या गटाचा आंबा शेजारच्या गटाच्या आंब्याहून निराळा ओळखला जावा, असें वाटत असेल तर स्वतःचें चिन्हच लागतें.

आतां त्या हरणाचें पुढें काय झालें तें पाहूं. सन १८७६ च्या चित्रांत हरिण ओंडक्यावरून उडी मारीत होतें, आणि सभोंवतीं कंपनीचें व गांवाचें नांव होतें. १९१२ सालीं तें पुन्हां रेखाटलें गेलें. १९३७ च्या सुमारास अंगावरील बारीक रेषा जाऊन केवळ भरीव आकृति राहिली. १९६८ मध्यें आकृति आणखी साधी झाली व चार पायांच्या जागीं दोनच दिसूं लागले. सन २००० मध्यें तिचा झोंक बदलला. पूर्वीचें हरिण उडी संपवून जमिनीवर उतरतांना दिसे. नवें हरिण मागल्या पायांवर जोर देऊन वर झेपावतें. सव्वाशें वर्षांत इतके फेरफार झाले, तरी हरिण गेलें नाहीं आणि त्याची उडीही गेली नाहीं. जें गेलें तें ओंडका, रेषा, केंस, जादा अक्षरें असें अनावश्यक होतें.

या साधेपणास सबळ कारण आहे. चिन्ह कागदावरच राहत नाहीं. तें लोखंडांत ओतावें लागतें, पत्र्यावर रंगवावें लागतें, लहानशा चिठ्ठीवर छापावें लागतें, आणि चालत्या गाडीवरून दुरून ओळखावें लागतें. बारीक नक्षी अशा ठिकाणीं बुजून जाते. आपल्या पेट्यांवर बैलजोडी, विहीर, डोंगर, उगवता सूर्य आणि हातांत विळा घेतलेली बाई एवढें सारें एका रुपयाएवढ्या गोलांत बसविलेलें असतें. छापल्यावर त्याचा एक काळा ठिपका होतो.

रंगाचा प्रश्न यापुढचा. डीअर कंपनी १९१८ सालीं वॉटर्लू येथील कारखाना विकत घेऊन ट्रॅक्टरच्या धंद्यांत उतरली, आणि हिरवें अंग व पिवळीं चाकें ही तिच्या ट्रॅक्टरांची ओळख झाली. पुण्याजवळ सणसवाडी येथें या कंपनीचा कारखाना असल्यानें आपल्या वाचकांस हे रंग परिचित आहेतच. त्या काळीं पुष्कळ ट्रॅक्टर करड्या रंगाचे असत. ॲलिस-चामर्स कंपनीनें १९२९ सालीं नारिंगी रंग घेतला. कॅलिफोर्नियांत दुरून उठून दिसणारीं नारिंगी रानफुलें पाहून कंपनीच्या एका अधिकाऱ्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९३६ सालीं आपले करडे फार्मॉल ट्रॅक्टर तांबडे केले. हिरव्या पिकांत व धुळीच्या रस्त्यावर असे रंग चटकन् नजरेंत भरतात. डोळा अक्षर वाचण्यापूर्वीं रंग टिपतो, आणि पुन्हां दिसल्यास रंगावरूनच आधीं ओळख पटते. रंगाचें एवढें सामर्थ्य निःसंशय आहे.

परंतु येथेंच थांबल्यास निष्कर्ष चुकीचा निघेल. हॅरी फर्ग्युसनचा जो लहान ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें तयार झाला, तो नखशिखांत करडा होता. रंगाच्या शास्त्राप्रमाणें करडा म्हणजे उदास, निस्तेज. तथापि असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर खपले, आणि तेथील शेतकरी आजही त्यास लाडानें ‘छोटी करडी फर्गी’ म्हणतात. अवजार तीन ठिकाणीं जोडून तें ट्रॅक्टरच्याच शक्तीनें उचलण्याची त्यांतील सोय इतकी उपयोगी ठरली कीं, उदास रंगही लोकांस प्रिय झाला. यावरून असें दिसतें कीं, रंग लक्ष वेधतो. त्या रंगाविषयीं विश्वास किंवा प्रेम मात्र मालाच्या गुणांमुळें उत्पन्न होतें.

रंगाचा अर्थही सर्वत्र एक नसतो. तांबडा रंग कुंकवांत मंगल आहे, रेल्वेच्या निशाणांत तोच धोक्याचा आहे. पांढरा रंग दुधाच्या पिशवीवर स्वच्छतेचा, तर दुसऱ्या प्रसंगीं शोकाचा. म्हणून ‘अमुक रंग लावा म्हणजे अमुक भावना होते’ असें छातीठोकपणें सांगणाऱ्याचें बोलणें जपून घ्यावें. विशेषतः हिरव्याविषयीं आपली समजूत तपासून पाहणें हा जिवाशीं गांठ असलेला प्रश्न आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरप्या चौकोनांत खालचा त्रिकोण रंगीत असतो. १९७१ च्या नियमांप्रमाणें तांबडा त्रिकोण अत्यंत जहाल विषाचा, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, आणि हिरवा सौम्य विषाचा. हिरवा म्हणजे पिकाचा रंग, म्हणून तें औषध निर्धोक, असें समजून उघड्या हातांनीं कालविणारे लोक आहेत. सौम्य झालें तरी तें विषच होय. रंगाची भाषा नियमानें ठरविलेली असते तेथें मनाच्या समजुतीवर विसंबूं नये.

रंगावर मालकी सांगतां येते काय, हाही प्रश्न न्यायालयांत गेला आहे. ट्रॅक्टरला जोडावयाचीं भार उचलणारीं यंत्रें फार्महँड नांवाची कंपनी हिरव्या रंगांत विकूं लागली, तेव्हां डीअर कंपनीनें तिजवर फिर्याद केली. १९८२ सालीं आयोवांतील न्यायालयानें ती अमान्य केली. कारण शेतकऱ्यास आपल्या ट्रॅक्टरच्या रंगाशीं जुळणारें यंत्र हवें असतें, आणि ती सोय एकट्या कंपनीसाठीं राखून ठेवणें योग्य नाहीं. परंतु २०१७ सालीं केंटकींतील न्यायालयानें फिम्को कंपनीविरुद्धच्या खटल्यांत हिरव्या-पिवळ्या जोडीवरील डीअरचा हक्क मान्य करून दुसऱ्यास त्या रंगांत शेतीचीं साधनें विकण्याची मनाई केली. नुसत्या हिरव्या रंगानें जें साधलें नाहीं तें हिरव्या-पिवळ्याच्या ठराविक योजनेनें साधलें, आणि त्यामागें कित्येक दशकांचा अखंड वापर होता.

आपल्या संस्थांनीं यावरून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात.

१. चिन्ह एकाच वस्तूचें असावें, व शक्यतों नांवाशीं जुळणारें असावें. शाळकरी मुलास एकदां दाखवून पाटीवर काढावयास सांगावें. काढतां आलें तर तें चिन्ह चांगलें.

२. प्रथम तें काळ्या शाईनें काढावें. कांहीं माणसांस तांबड्या-हिरव्यांतील भेद कळत नाहीं, आणि उन्हांत रंग विटतो. रंगावांचूनही चिन्ह ओळखूं आलें पाहिजे.

३. रंग दोनच घ्यावेत, आणि त्याच बाजारांतील दुसऱ्याच्या रंगांशीं त्यांचा घोटाळा होऊं नये. छापखान्यास रंगाचा नमुना कायमचा देऊन ठेवावा. दर खेपेस निराळी छटा येऊं देऊं नये.

४. चिन्हाची नोंदणी करावी. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यान्वयें नोंदणी दहा वर्षें चालते व पुढें नूतन करतां येते. नोंदणी संस्थेच्या नांवानें करावी, अध्यक्षाच्या नांवानें करूं नये.

५. बदल करावयाचाच झाल्यास जुन्याची ओळख राखून थोडथोडा करावा.

६. ज्या पेटींतील माल निवडलेला नाहीं, तिजवर चिन्ह लावूं नये.

शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे. वरच्या थरांत टपोरीं द्राक्षें व खालीं बारीक, अशी एक पेटी गेली तर गिऱ्हाईक ती कोणाच्या मळ्यांतील हें विचारीत नाहीं. तें चिन्ह ध्यानांत ठेवतें व पुढच्या खेपेस दुसरी पेटी उचलतें. एकाच्या लबाडीचा दंड साऱ्या सभासदांस भरावा लागतो, आणि चिन्ह जितकें ठळक तितका तो दंड जलद वसूल होतो. यास्तव चित्रकारास बोलावण्यापूर्वीं माल निवडण्याचे नियम करावेत, ते मोडणाऱ्याची पेटी परत करण्याचा ठराव सभेंत मंजूर करून घ्यावा, आणि मग चिन्हाचा व रंगाचा विचार करावा.